काळ्या मखमलीवरचा चेहरा

ब्लासिनाच्या दाराला कडी नव्हती असं नाही. चांगली जाड लोखंडी कडी होती, नवऱ्याने मरायच्या आदल्या वर्षी बसवलेली. पण नुबिया गेल्यापासून ती लागलेली कोणी पाहिली नव्हती. दार नुसतं लोटलेलं असायचं. आणि आमच्या पेन्यानेग्रा गावातला वारा म्हणजे काय सांगू! वरच्या माळावरून उतरला की माणसाची टोपी सोडा, माणूसच घेऊन जाईल. ते दार रात्रभर उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं. माझं घर अगदी समोर. मी अंथरुणात पडल्या पडल्या शिव्या घालायचे आणि सकाळी तिला म्हणायचे, "अगं बाई, कडी घाल की! निदान आतून एखादा दगड तरी लाव."

"दगड लावला तर पोरीला ढकलता येईल का?" ती म्हणायची.

नुबिया तिची एकुलती एक. तिची धर्ममाता मी, म्हणून ब्लासिना आणि मी एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो. पोर वीस वर्षांचीही नव्हती, तेव्हा खाली सपाटीवर एका गुरांच्या मळ्यावर स्वयंपाकाला गेली. एका नाताळला आली, खूप हसली, माझ्या हातची चीज लावलेली आरेपा भाकरी खाऊन गेली. पुढच्या नाताळला आली नाही. त्या दिवसांत खाली गेलेली माणसं अशीच नाहीशी व्हायची, आणि ती कुठे गेली असं फार विचारत फिरणारा माणूसही मग दिसेनासा व्हायचा. पत्र नाही, निरोप नाही, प्रेत नाही.

प्रेत नाही म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे माणूस गेलं की नऊ संध्याकाळी जपमाळ होते, आणि सगळं गाव ओळीने येऊन घरच्यांच्या गालाला गाल लावून सांत्वन करतं. ब्लासिनाने ते होऊच दिलं नाही. पाद्रे एवेलिओ बिचारे चांगल्या मनाने म्हणाले, की नुबियाच्या आत्म्यासाठी देवळात एक मिस्सा-प्रार्थना करू या. तिने झाडू उचलला आणि त्यांना अंगणाबाहेर काढलं. "कोण मेलं? कोणी पाहिलं?" असं ओरडत होती. त्यानंतर कोणाची बिशाद झाली नाही. जेवताना ती दुसरी ताटली मांडायची. मी पाहिलंय, बटाट्याचं सूप निवून त्यावर साय धरायची, मग ती ते कोंबड्यांना घालायची.

बाई तशी हसरी हो! बुटकी, रुंद, दोन बटाट्याची पोती एका दमात उचलणारी. हसली तर कोंबड्या फडफडायच्या. तोंड लाल. आता लाल तोंड इथे सगळ्यांचंच, थंडी आणि ऊन मिळून आमचे गाल भाजतात, पाळण्यातल्या पोरांचेसुद्धा. पण पन्नाशीनंतर ब्लासिनाचं तोंड वेगळंच लाल व्हायला लागलं. नाकावर, गालांवर, हनुवटीवर भडका, वर बारीक पुटकुळ्या, आणि चुलीपुढे उभी राहिली किंवा गरम सूप प्यायली की निखारे ठेवल्यासारखी आग. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाजारातले पुरुष मात्र "दोन्या", म्हणजे बाईसाहेब, अशी मानाची हाक मारून म्हणायचे, "काय दोन्या ब्लासिना, आज सकाळीच लावली का?" तिने आयुष्यात उसाच्या दारूचा थेंब चाखला नव्हता. मी एकाच्या अंगावर ताकाची बादली ओतली होती त्यापायी, आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही. पण ब्लासिनाला ते लागलं. तिने बाजार सोडला, घरातला आरसा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

तिला जायला एकच जागा उरली, देवळातली मातेची खोली.

तिथलं सांगायला हवं. आमची शोकमाता, म्हणजे क्रूसावर गेलेल्या पोरासाठी रडणाऱ्या देवाच्या आईची मूर्ती, बाहेरून पाहणाऱ्याला फार देखणी दिसते. पाणावलेले डोळे, जोडलेले गोरे हात, पायापर्यंत काळा मखमली शेला. पण तिला सजवणाऱ्या आम्हा बायकांनाच माहीत असतं, की शेल्याखाली काहीच नाही. डोकं आणि हात, बस. मध्ये लाकडी पट्ट्यांचा पिंजरा. पहिल्यांदा मी तो पाहिला तेव्हा मला रडूच आलं होतं. त्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, पाद्रीनेसुद्धा. आणि शेल्याला उघडा हात लावायचा नाही. पांढरे सुती हातमोजे घालायचे, कारण हाताला घाम असतो, तेल असतं, पाप असतं. तोंड मात्र चालतं. चुंबन घ्यायचं, गाल लावायचा, कपाळ टेकायचं. मातेचं सांत्वन आपण तोंडानेच करतो ना! आजीच्या आजीपासून असंच चालत आलंय.

उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी शेला पेटीतून निघतो आणि शुभ शुक्रवारपर्यंत, म्हणजे सगळं गाव मातेचं सांत्वन करायला येतं त्या दिवसापर्यंत, खोलीत खुंटीवर टांगलेला असतो, कापराचा वास जावा म्हणून. रोज संध्याकाळी त्यावरून मऊ ब्रश फिरवायचा. ते काम ब्लासिनाने मागून घेतलं होतं. किल्लीही तिच्याकडे; दुसरी आम्हा बाकीच्या सजवणाऱ्यांत फिरायची.

त्या वर्षी उपासाचा महिना अर्धा झाला असेल. हेर्लिंदा, आमच्यातलीच एक सजवणारी, जिला साधी शिंक आली तरी त्यात दैवी संकेत दिसतो, ती माझ्याकडे धावत आली. मी दही बांधत होते.

"ओतिलिया, शेल्यावर कोणीतरी आहे."

"शेल्यावर कोण असणार? पिसू?"

"चल तू. मला एकटीला तिथे परत जायचं नाही."

गेले. खोलीला उंचावर एकच खिडकी, दुपारीसुद्धा आत मळकट उजेड. शेला खुंटीवर होता, वाऱ्याने किंचित हलत होता, आत कोणी श्वास घेतंय असा. आणि माणसाच्या छातीच्या उंचीवर काळ्या मखमलीत एक तांबूस, फिकट डाग होता. मला वाटलं कसर लागली. हातमोजा घालून बोट फिरवलं. मखमल शाबूत होती. फक्त रंग गेला होता. कपाळाएवढा एक पट्टा, त्याखाली दोन गोल.

"बुरशी आहे," मी म्हटलं.

"बुरशीला गाल असतात?" हेर्लिंदा म्हणाली.

मी तिला दटावलं, पण खरं सांगते, बाहेर आल्यावर दार नीट लागलंय का ते मी दोनदा ओढून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात नाक आलं. त्यानंतर हनुवटी. आणि प्रत्येक वेळी ते कोणी नसतानाच यायचं! संध्याकाळी दार बंद करताना शेला जसा होता तसा दिसायचा, सकाळी उघडलं की चेहरा आणखी थोडा पुढे आलेला. जणू काळ्या पाण्यातून कोणी हळूहळू वर येतंय. डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे. तोंडाच्या जागी एक काळी मिटलेली रेघ. बाकी सगळा चेहरा भाजलेल्या गव्हाच्या रंगाचा. आम्ही पाद्रेंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, आणि मग बसभरून माणसं, मेणबत्त्या, फोटोवाले. हेर्लिंदाचं तोंड मी कसं बंद ठेवलं ते माझं मला माहीत.

ब्लासिना मात्र काहीच बोलत नव्हती. शेवटी मीच विचारलं. तिच्या अंगणात उभी होते. कोंबड्या दिसत नव्हत्या.

"कोमाद्रे, तू रोज ब्रश फिरवतेस. तुला ते दिसत नाही होय?"

"दिसतं की."

"मग?"

ती हसली. फार वर्षांनी मी तिला तशी हसताना पाहिली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. "तू ओळखलं नाहीस? तू तर तिला पाण्याखाली धरलंस, बाप्तिस्म्याच्या दिवशी. कपाळ बघ. गालाची हाडं बघ. नुबिया आहे ती."

तिने म्हटलं आणि मला दिसलं. खरंच दिसलं हो! तेच रुंद कपाळ, तेच गाल.

"इतकी वर्षं मी दार उघडं ठेवलं," ब्लासिना म्हणाली, "आणि ती बिचारी दाराने येऊच शकत नव्हती. मी वेडी. ती तिकडे आहे, कोमाद्रे. मातेजवळ आहे. आणि तोंड बाहेर काढून मला बोलावतेय."

"कोंबड्या कुठे आहेत गं?"

"देऊन टाकल्या. बियाणाचे बटाटे पण देऊन टाकले. शुक्रवारी मातेचं सांत्वन झालं की मी वर जाणार."

वर म्हणजे कुठे, ते आमच्याकडे विचारावं लागत नाही. वर माळावर काळं तळं आहे. ते हाका मारतं असं म्हणतात. त्याच्या काठी मोठ्याने बोललं की धुकं उठतं, आणि धुक्यात जो चालत गेला त्याचं घोंगडंसुद्धा सापडत नाही. माझा एक मामा असाच गेला. मी ब्लासिनाचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले, रागावले, रडले, विनवण्या केल्या. तेव्हाच मला जवळून तिचं तोंड दिसलं. नुसतं लाल नव्हतं. सालं निघत होती, ओठांच्या बाजूला कातडी फाटून चकाकत होती.

"आणि हे काय करून घेतलंयस?"

"औषध लावते. मातेला भेटायला जायचं, तर तोंड स्वच्छ नको?"

मला वाटलं, बाईचं डोकं गेलं. घरी आले तर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शुक्रवार तीन-चार दिवसांवर आला होता. पाद्रेंना सांगू, तर ती झाडू उचलेल. पोलिसांना सांगू, तर ते हसतील. दोराने बांधून ठेवू? तिची ताकद मला माहीत होती.

घरात माझी नात यूरानी शाळेच्या गणवेशाला इस्त्री करत बसली होती. सोळा वर्षांची. तोंडावर पुटकुळ्यांचं पीक आलं होतं म्हणून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला मलम दिलं होतं, त्याने चांगलं साफ झालं होतं. मी तिच्यावर खेकसले, "इस्त्रीची आच किती ठेवलीयस? कॉलर जाळलीस बघ!"

"जळली नाही गं आजी. ती कधीचीच तशी आहे."

मी गणवेश हातात घेतला. गर्द निळा, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला तांबूस फिकट पट्टा. मखमलीवर होता अगदी तोच रंग. मी खिडकीशी नेऊन पाहिला. कापड शाबूत. फक्त रंग गेलेला.

"हे कशाने झालं?" मी विचारलं.

"मलमाने. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पूर्ण वाळल्याशिवाय कपडा लावू नको, रंग खाऊन टाकतं. मी घाईत विसरायचे. उशीचा अभ्रा बघ, पांढरा आहे म्हणून कळत नाही. आणि गंमत म्हणजे लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी उठतो डाग."

"ते मलम कुठे आहे?"

ती इस्त्रीकडे बघत म्हणाली, "माझं बरं झालं होतं. दोन ट्यूब उरल्या होत्या. दोन्या ब्लासिनांना दिल्या. त्यांना बाजारात लोक दारुडी म्हणतात ना, मला वाईट वाटलं. मी त्यांना सांगितलं होतं, डोळ्यांना आणि ओठांना लावू नका म्हणून!"

डोळ्यांना आणि ओठांना लावू नका. शेल्यावरही डोळे आणि तोंड तेवढंच काळं राहिलं होतं! मी तशीच आरोग्य केंद्राकडे निघाले.

तिथल्या डॉक्टरीणबाई, नाव माहेचा, अगदी कोवळी पोर, राजधानीतून एक वर्ष गावात काढायला आलेली, सदा स्वेटरमध्ये गुरफटलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ते मुरुमांचं औषध आहे. त्यात एक प्रतिजैविक आहे आणि एक जंतू मारणारं रसायन आहे, ते कपड्याचा रंग घालवतं. तरुण पोरीच्या तेलकट कातडीला ठीक. या बाईंचा आजार वेगळा, त्यांची कातडी आधीच चिडलेली. त्यावर हे म्हणजे जखमेवर मीठ. किती लावतात?"

"भिंतीला गिलावा करावा तसं, तोंड पाहून तरी तसंच वाटतं."

"देवा! वाटाण्याच्या दाण्याएवढं सगळ्या तोंडाला पुरतं. दिवसातून एकदा."

अति तिथे माती, दुसरं काय. मी तिला म्हटलं, "पोरी, तू बाई आहेस. तू त्या खोलीत येऊ शकतेस. चल."

तिला हातमोजे दिले. शेल्यापुढे ती बराच वेळ उभी राहिली. वारा थांबला होता, तरी कापड हलल्यासारखं वाटत होतं. चेहरा आता पुरता होता. मिटल्या तोंडाचा, खोल डोळ्यांचा. डॉक्टरने शेला न हलवता स्वतः त्याच्यासमोर वाकून पाहिलं. "बघा, डोळ्यांभोवती नाही. ओठांवर नाही. लावू नका म्हटलं तिथे त्यांनी लावलं नाही. तेवढंच ऐकलं." मग ती दोन पावलं मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "डाग कशाने पडला ते मी सांगू शकते, दोन्या ओतिलिया. पण इतका हुबेहूब चेहरा कसा आला, ते मला विचारू नका."

"रोज त्याच खुंटीवरच्या शेल्यात, त्याच जागी, तोंड खुपसून रडत असणार ती," मी म्हटलं. "हात लावत नाही ना. हात लावायचा नसतो."

डॉक्टर म्हणाली, की ताबडतोब सांगा त्यांना. सांगा म्हणे! काय सांगू? इतक्या वर्षांनी त्या बाईला पोरीचा चेहरा दिसला होता, आणि मी जाऊन म्हणायचं की अगं, तो मलमाचा डाग आहे? ते ऐकून ती तळ्याकडे शुक्रवारची वाटही न बघता गेली तर? एका संध्याकाळी मी तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. दार वाऱ्याने उघडलं, आत टेबलावर दोन ताटल्या दिसल्या, पुन्हा मिटलं. मी भित्री नाही, पण त्या दिवशी मी पळाले.

शुभ शुक्रवारी दुपारी आम्ही मातेला सजवायला जमलो. ब्लासिना सगळ्यांत आधी आली होती. काळा झगा, केस तेल लावून चापून बसवलेले, पायात चालायचे मजबूत बूट. ते बूट पाहिले आणि माझी चालढकल संपली. आता बोलायलाच हवं होतं. मी हेर्लिंदाला आणि सजवणाऱ्या आम्हा चौघींतल्या उरलेल्या बाईला फुलं आणायला पाठवलं आणि दार आतून लावून घेतलं. अंगावरच्या घोंगड्याखालून माझा आरसा काढला.

"हे कशाला?" ब्लासिना मागे सरली. "मी बघत नाही आरशात. तुला माहितेय."

"आज बघ. माझ्यासाठी बघ. मग कुठे जायचं तिथे जा, मी अडवणार नाही."

खोटं बोलले. अडवलं असतं, पाय धरून पडले असते.

तिला शेल्यापुढे उभी केली आणि आरसा त्या चेहऱ्याच्या शेजारी धरला. खिडकीतून येणारा उजेड दोघींवर सारखाच पडला. एक काळ्या कापडातली, एक काचेतली. रुंद कपाळ, गालाची हाडं, नाकाचं बसकं टोक, आणि हनुवटीवरचा तो खड्डा, जो लहानपणी माझ्याच कोंबडीने टोचून केला होता. नुबियाच्या हनुवटीवर खड्डा नव्हता. मला तो तेव्हाच दिसला. ब्लासिनालाही दिसला. तिचा हात हातमोज्यासकट वर गेला आणि स्वतःच्या हनुवटीवर थांबला. आमच्या मागे मातेचं डोकं लाकडी पिंजऱ्यावर उघडं उभं होतं, आणि देवाशप्पथ, मला मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

"ही मी आहे," ती म्हणाली.

"तूच गं."

मी तिला मलमाचं सांगितलं, यूरानीची कॉलर सांगितली, सगळं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. आरशातल्या तोंडाकडेच बघत होती. मग म्हणाली, "इतकी म्हातारी झाले मी?"

"झालीस की. मी काय तरणी राहिले?"

"नुबिया माझ्यासारखीच दिसायची."

"तुझ्यासारखीच. म्हणून तर तुला ती दिसली. मलाही दिसली."

"म्हणजे तिने मला बोलावलं नाही."

"नाही, कोमाद्रे."

बाहेर हेर्लिंदा दार वाजवत होती, मी ओरडले, की मर तिकडेच. ब्लासिनाने हळूहळू एक एक हातमोजा काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिने उघडा हात त्या शेल्याला लावला, त्या चेहऱ्याच्या गालावर, आणि पोराला थोपटतात तसं थोपटलं. "रोज रडत होते ना मी इथे," ती म्हणाली. "मी म्हणत होते, मातेचं दुःख हलकं करतेय." मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "ओतिलिया, ती मेली गं. माझी पोर मेली. आणि मला कोणी गालाला गाल लावून साधं सांत्वनसुद्धा केलं नाही."

"तू करू दिलं नाहीस, बये!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघींनी त्या पिंजऱ्यापुढे फरशीवर बसून गळ्यात गळा घालून हंबरडा फोडला.

संध्याकाळी शेला मातेच्या अंगावर होता. ती बाजू आम्ही आतल्या चुणीत घेतली, पट्ट्यांच्या पिंजऱ्याकडे तोंड करून. बाहेरून काही कळलं नाही. गाव ओळीने आलं, जसं दरवर्षी येतं, एकेकाने शेल्याला गाल लावून मातेचं सांत्वन केलं. ब्लासिना नेहमीसारखी मातेच्या डाव्या हाताला उभी होती. माझी पाळी आली. मी मातेला गाल लावला, मग ओळीतून बाहेर न पडता एक पाऊल सरकून ब्लासिनापुढे उभी राहिले, आणि नियमाने म्हणतात तसं मोठ्याने म्हटलं, "नुबियासाठी. तुझ्या दुःखात मी आहे." आणि तिच्या गालाला गाल लावला.

माझ्या मागे बाजारातला तोच माणूस होता, ताकाच्या बादलीचा. त्याने टोपी हातात चुरगाळली. मग तोही सरकला. "नुबियासाठी, दोन्या ब्लासिना." त्याच्यामागे पुढचा. मग पुढची. सगळं गाव. डॉक्टर माहेचा खांबापाशी उभी राहून हातवारे करत होती, की अहो, गाल लावू नका, सोललेत त्यांचे! ब्लासिनाने तिच्याकडे मान हलवून सांगितलं, की लावू देत. आग होत असणार. तिने एकदाही तोंड फिरवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरने ते मलम काढून घेतलं, बरेच दिवस नुसतं साधं क्रीम लावायला सांगितलं, आणि मग तिच्या आजाराचं वेगळं मलम दिलं, तेही प्रतिजैविकच, पण पातळ थर, डॉक्टर थांब म्हणेल तेव्हा थांबायचं, उरलेलं कोणाला द्यायचं नाही, उन्हात रुंद टोपी, सूप कोमट करून. यूरानीला तर तिने असं फैलावर घेतलं, की पोरगी आता ताकसुद्धा कोणाला विचारल्याशिवाय देत नाही. ब्लासिनाचा भडका उतरला, पुरता नाही, पण लोकांनी बोलणं बंद केलं. नऊ संध्याकाळी जपमाळही झाली. पाद्रे एवेलिओ आले, आधी अंगणात झाडू कुठे आहे ते बघून.

शेला अजून तोच आहे. नवा करायचं कोणी नाव काढत नाही. दर उपासात पेटीतून काढताना आम्ही ती चूण उलगडून पाहतो, मग परत मिटतो. हेर्लिंदा म्हणते, तोंडाची रेघ आता थोडी उघडी दिसते. मी म्हणते, डोळे तपासून घे. पण मी स्वतः फार निरखत नाही.

आणि त्या शुभ शुक्रवारी मी घरी आले, अंगावर घोंगडं ओढून पडले. वारा जोरात होता. मी सवयीने वाट बघत होते, की आता ते दार आपटेल. समोर ब्लासिनाची पावलं वाजली, थांबली. मग लोखंडावर लोखंड घासलं, गंजलेलं, कुरकुरत, आणि कडी बसली.